पहाटे गारठा, दुपारी झळा, संध्याकाळी गारा

मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात यावल-रावेरकडचा शेतकरी पहाटे मोटार सुरू करायला निघतो तेव्हा कानाला मफलर असतो. दुपारी बारानंतर तोच माणूस डोक्याला बागायती रुमाल बांधून निंबाखाली थांबतो. आणि चारच्या सुमारास मावळतीला काळे दिसू लागले की तो थंडी विसरतो, ऊनही विसरतो आणि नुसता केळीच्या बागेकडे पाहत राहतो. होळीच्या आगेमागे जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत असे आठवडे दरवर्षी येतात. एका आठवड्यात तिन्ही ऋतू झाले, असे आपण सहज बोलून जातो. त्यात अतिशयोक्ती फारशी नाही. या दिवसांत खानदेशावर तीन वेगवेगळ्या मुलखांची हवा आलटून पालटून येत असते. आज आपल्यावर कोणती हवा आहे हे ओळखता आले, तर उद्या-परवाचे बरेच काही आधी समजते. आपली हवामानाची व्यवस्था मात्र अजून जिल्ह्याच्या आणि महिन्याच्या हिशेबाने चालते, तर या ऋतूतली हवा शिवाराच्या आणि तासाच्या हिशेबाने. खानदेशातल्या शेतकऱ्याचे मोठे नुकसान या तफावतीत होते.

आधी सूर्याचे गणित पाहू. जळगाव आणि धुळे ही दोन्ही शहरे २१ उत्तर अक्षांशाच्या आसपास आहेत. डिसेंबरच्या २२ तारखेला भर दुपारी सूर्य इथे क्षितिजापासून साधारण साडेपंचेचाळीस अंश वर असतो. मार्चच्या २१ तारखेला तो ६९ अंशांवर पोचतो आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात थेट डोक्यावर येतो. हे उत्तरेकडे सरकणे वर्षभर एका गतीने होत नाही. डिसेंबरच्या अखेरीस आठवडाभरात सूर्य जेमतेम हलतो. मार्चमध्ये मात्र तो दर आठवड्याला जवळजवळ पावणेतीन अंश वर चढतो आणि दिवस आठ-नऊ मिनिटांनी मोठा होतो. म्हणजे जमिनीला मिळणारी उष्णता वर्षात सर्वांत झपाट्याने वाढते ती याच दिवसांत. जमीन तापू लागते, पण आठ-दहा किलोमीटर उंचीवरची हवा अजून हिवाळ्यातलीच असते. खाली उन्हाळा आणि वर हिवाळा, अशी ही अवस्था आहे आणि पुढचे सगळे तिच्यातूनच घडते.

त्यात खानदेशाची भूमी लवकर तापणारी. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर, पश्चिमेला सह्याद्रीचे उत्तर टोक आणि मधून पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारी तापी. जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे दोनशे मीटरवर आहे, धुळे अडीचशेच्या आसपास. नाशिक आणि पुणे साडेपाचशेच्या वर आहेत. हवा साधारणपणे दर किलोमीटर उंचीला साडेसहा अंशांनी थंड होते. त्यामुळे केवळ उंचीच्या फरकानेच जळगाव नाशिकपेक्षा दोन-अडीच अंशांनी गरम राहते. समुद्र धुळ्यापासूनही दोनशे किलोमीटरहून लांब, तेव्हा दुपारी खारे वारे येऊन दिलासा देतील अशी सोय नाही. शिवाय दादर ज्वारी आणि हरभरा निघाला की काळे रान उघडे पडते. जमिनीत ओल असली तर उन्हाची बरीच उष्णता त्या पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. ओल सरली की ती सगळी जमिनीलाच, आणि जमिनीतून हवेला लागते. भुसावळच्या उन्हाची जी ख्याती आहे, तिचे मूळ अशा साध्या गोष्टींत आहे.

जी हवा दिवसा लवकर तापते तीच रात्री लवकर थंड होते, कारण ती कोरडी असते. सूर्य मावळला की जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडू लागते. हवेत बाष्प किंवा ढग असतील तर ते ही उष्णता शोषून तिचा काही भाग परत खाली पाठवतात. निरभ्र आणि कोरड्या रात्री ती अडवणारे कोणी नसते. त्यातच सातपुड्याच्या उतारांवर थंड झालेली जड हवा हळूहळू खाली घसरत तापीच्या खोऱ्यात येऊन साचते. फेब्रुवारीच्या अखेरीस पहाटे १४-१५ आणि दुपारी ३५ अंश, असा वीस अंशांचा फरक जळगावात नवलाचा नाही. मुंबईत कुलाब्याला त्या दिवसांत हा फरक दहाच्या आसपास असतो. धुळ्याचे नाव राज्याच्या सर्वांत थंड ठिकाणांच्या यादीत दर हिवाळ्यात येते आणि उन्हाळ्यात ते तापलेल्या शहरांतही असते. दोन्हींचे कारण हेच, कोरडी हवा आणि खोलगट खोरे.

आता त्या तीन हवा.

पहिली उत्तरेची. भूमध्य समुद्राच्या परिसरात तयार होणाऱ्या वादळी प्रणाली हिवाळ्यात आणि वसंतात पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतात. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवरून वाहणारा वेगवान पश्चिमी झोतवारा त्यांना इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान असे ओलांडत हिमालयापर्यंत आणतो. हवामान खाते यांना पश्चिमी विक्षोभ म्हणते. हिवाळ्यात महिन्याला असे चार ते सहा विक्षोभ येतात. काश्मीर आणि हिमाचलात ते बर्फ पाडतात, पंजाबात गव्हाला पाणी देतात. आपल्याकडे त्यांचा पाऊस सहसा पोचत नाही, पण ते पुढे सरकले की त्यांच्या मागोमाग राजस्थान आणि मध्य प्रदेशावरून थंड कोरडा वारा दक्षिणेकडे सुटतो. महाराष्ट्रात तो सर्वांत आधी खानदेशाला लागतो, कारण राज्याचा उत्तरेकडचा दरवाजाच आपल्याकडे आहे.

अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेत, आयोवा किंवा इलिनॉयसारख्या राज्यांत राहणारे मराठी लोक तिथल्या एप्रिलबद्दल सांगतात, की सोमवारी अंगणात बर्फ आणि गुरुवारी अर्ध्या बाहीचा सदरा. तिथे डोंगररांगा उत्तर-दक्षिण आहेत. कॅनडाच्या उत्तरेकडची गोठलेली हवा आणि मेक्सिकोच्या आखातावरची दमट हवा यांच्यामध्ये आडवे असे काहीच नाही, म्हणून त्या दोन्ही मैदानात येऊन भिडतात. आपल्याकडे पूर्व-पश्चिम पसरलेला हिमालय सैबेरियाची हवा अडवून धरतो. तो नसता तर खानदेशात केळी झालीच नसती. तरीही तत्त्व दोन्हीकडे एकच आहे. थंड-कोरड्या आणि उष्ण-दमट हवेची जिथे गाठ पडते, तिथे वादळ होते. अमेरिकेत जे उग्र रूपात घडते ते आपल्याकडे सौम्य रूपात घडते, पण केळीच्या बागेला तेवढेही पुरते.

दुसरी हवा पश्चिमेची, तापलेली आणि कोरडी. सिंध, कच्छ आणि राजस्थानचे वाळवंट मार्चपासून तापू लागते आणि दुपारी तिकडचा वारा वायव्येकडून, पुढे पश्चिमेकडून खानदेशात शिरतो. सातपुडा आणि सह्याद्रीची टोके जिथे एकमेकांपासून दूर होतात, त्या नवापूर-नंदुरबारकडच्या मोकळ्या जागेतून तापीच्या खोऱ्यात त्याला सरळ वाट मिळते. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर ज्या पवनचक्क्या उभ्या आहेत, त्या वाऱ्याची ही वाट हेरूनच. हा वारा सुटला की दुपारची आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली जाते, ओठ फुटतात आणि मोकळ्या वावरात वावटळी फिरू लागतात. वावटळ आणि वादळ यांचा मात्र संबंध नाही. वावटळ निरभ्र दुपारी, फार तापलेल्या जमिनीवरची हवा एका जागी वेगाने वर चढू लागली की होते. तिला ढग लागत नाही.

तिसरी हवा समुद्राची आणि खरा घोटाळा तिच्यामुळे होतो. मार्चमध्ये बंगालच्या उपसागरावर किंवा ओडिशाच्या किनाऱ्यालगत पुष्कळदा जास्त दाबाचे क्षेत्र असते. त्याच्याभोवती वारा घड्याळाच्या दिशेने फिरतो आणि समुद्रावरचे बाष्प विदर्भ-मराठवाड्याकडे ढकलतो. कधी अरबी समुद्रावरूनही दमट वारा चढतो. जमिनीलगत एकीकडे हे दमट आग्नेय वारे आणि दुसरीकडे कोरडे वायव्य वारे, अशी त्यांची सीमारेषा मध्य प्रदेशापासून विदर्भ-मराठवाड्यावरून कर्नाटक-तमिळनाडूपर्यंत पसरते. हवामानाच्या बातम्यांत 'वाऱ्याची खंडितता' म्हणून जो शब्द येतो, तो या रेषेबद्दल असतो. रेषा विदर्भावर असली तर खानदेश कोरडा राहतो. ती पश्चिमेला सरकली की आपली पाळी.

एखादा नमुनेदार आठवडा डोळ्यांसमोर आणू. विक्षोभ नुकताच पूर्वेला गेलेला आहे, उत्तरेचा वारा आहे, आकाश निळेभोर. पहाटे गारठा, दुपारी ऊन बोचरे पण सावलीत बरे. दोन दिवस असे जातात. मग वारा वळतो, पश्चिमेकडून येऊ लागतो. दुपारचा पारा रोज एक-दोन अंश चढतो, चाळिशीकडे सरकतो. चौथ्या दिवशी पहाटे मफलर लागत नाही. रात्री उशिरापर्यंत गरम होते, सकाळी अंग चिकट वाटते, आकाशात पांढरट पडदा येतो. पुष्कळांना वाटते की ढग आले, आता उतार पडेल. दिवसाचा पारा थोडा खाली येतोही, पण रात्रीचा चार-पाच अंशांनी वर जातो. या चिकट पहाटेकडे लक्ष द्यायला हवे. हवेत बाष्प आल्याची ती खूण आहे. याच वेळी वर नवा विक्षोभ येत असेल आणि त्याचा खोल पोटासारखा भाग नेहमीपेक्षा दक्षिणेला, आपल्या अक्षांशापर्यंत उतरला असेल, तर खाली दमट गरम आणि वर अतिथंड अशी स्थिती तयार होते. मग दुपारी तीनपासून रात्री आठपर्यंतचे तास जोखमीचे.

गार कशी होते हे नीट पाहण्यासारखे आहे. दुपारी तापलेली दमट हवा हलकी होऊन वर चढते. चढताना ती थंड होते, बाष्पाचे थेंब होतात आणि थेंब होताना सुटलेली उष्णता हवेला आणखी वर ढकलते. असा ढग अर्ध्या-पाऊण तासात बारा-तेरा किलोमीटर उंच वाढू शकतो. मार्चमध्ये आपल्याकडे साधारण चार-साडेचार किलोमीटर उंचीवर तापमान शून्यावर येते. त्याच्या वर गेलेले सगळे थेंब लगेच गोठत नाहीत. शून्याखाली दहा-पंधरा अंशांवरही पाणी द्रवरूपात तरंगत राहते आणि एखाद्या बर्फकणाला शिवले की त्याच्यावरच गोठते. ढगातला चढता वारा या कणाला खाली पडू देत नाही. तो वाढत जातो, आणि वाऱ्याला पेलवेनासा झाला की कोसळतो. मोठी गार मधोमध कापून पाहिली तर आत कांद्यासारखे पापुद्रे दिसतात, एक दुधी, एक काचेसारखा पारदर्शक. पाणी झटकन गोठले की हवेचे बुडबुडे आत अडकतात आणि थर दुधी होतो. सावकाश गोठले की बुडबुडे निसटून जातात आणि थर पारदर्शक राहतो. गारेचा प्रवास ढगाच्या कोणकोणत्या भागांतून झाला, हे त्या थरांवरून वाचता येते.

मग भर पावसाळ्यात इतके ढग येऊनही गारा का पडत नाहीत? तेव्हा शून्य अंशाची पातळी पाच किलोमीटरच्या वर गेलेली असते आणि खालची सगळी हवा दमट, उबदार असते. गार झाली तरी वाटेत वितळून थेंब होऊन पडते. मार्चमध्ये पातळी खाली असते आणि ढगाखालची हवा कोरडी. कोरड्या हवेत गारेच्या पृष्ठभागावरचे पाणी वाफ होत जाते, त्यामुळे गार आणखी थंड राहते आणि आख्खी जमिनीवर पोचते. दोन-अडीच सेंटिमीटरची गार ताशी ४० ते ६० किलोमीटर वेगाने पडते.

हीच कोरडी हवा आणखी एक नुकसान करते. ढगातून पडणारा पाऊस तिच्यात वाफ होतो, हवा एकदम थंड आणि जड होते आणि ढगाच्या खालून जोराने जमिनीवर आदळून चहूबाजूंना पसरते. गारांच्या आधी जो गार वारा सुटतो, धूळ उडते, मातीचा वास येतो आणि पत्रे वाजू लागतात, तो वारा हाच. पाऊस पाच मिनिटांचा असला तरी हा वारा सोसाट्याचा असू शकतो. केळी उत्पादकाला गारांइतकीच याची धास्ती असते.

फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत २०१४ साली जे झाले, ते इथल्या लोकांच्या अजून लक्षात आहे. एरवी गारपीट एका-दोन दिवसांचा प्रकार असतो. त्या वर्षी ती पंधरवडाभर थांबून थांबून होत राहिली आणि महाराष्ट्रातल्या २८ जिल्ह्यांना तिची झळ पोचली. धुळे, जळगाव, नंदुरबार हे तिन्ही त्यात होते. एकामागून एक विक्षोभ दक्षिणेपर्यंत उतरत होते आणि दोन्ही समुद्रांवरून बाष्प येत होते. बारामतीच्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने या गारपिटीचा अभ्यास करून पिकांच्या नुकसानीची आणि नंतरच्या उपायांची नोंद केली. पुढे मार्च २०२३ मध्ये होळीच्या दिवसांत धुळे-नंदुरबारकडे पुन्हा गारा आणि वादळी पाऊस झाला, आणि त्याच महिन्याच्या मध्याला दुसऱ्यांदा.

यात सगळ्यांत अवघड जागी सापडते ती केळी. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी या पिकाचा नाजूकपणा जिल्ह्याबाहेरच्यांना फारसा माहीत नसतो. ज्याला आपण केळीचे खोड म्हणतो ते लाकूड नाहीच. पानांचे देठ एकावर एक घट्ट गुंडाळून झालेला, पाण्याने भरलेला तो खांब आहे. त्यावर पंचवीस-तीस किलोचा घड एका बाजूला लोंबत असतो आणि मुळे जमिनीत वरवरच असतात. ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरचा झोत आला की झाड मधूनच मोडते किंवा मुळासकट लोळते. टेकू आणि दोऱ्या लावून काही झाडे वाचतात, बागेच्या कडेला शेवरी, बांबू किंवा गजराज गवताची दाट रांग असेल तर आणखी काही. ही रांग जागा खाते, पाणी खाते, म्हणून पुष्कळ जण ती काढून टाकतात. माझ्या मते हा तोट्याचा व्यवहार आहे.

झाड उभे राहिले तरी प्रश्न संपत नाही. जून-जुलैत लावलेली मृगबाग फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास निसवते, म्हणजे तिचे घड बाहेर पडतात. आणि घड बाहेर पडल्यावर केळीला नवे पान येत नाही. खोडाच्या आतला जो कोंब आतापर्यंत पाने देत होता, त्याचेच फूल होते. त्या क्षणी झाडावर जी दहा-बारा पाने आहेत, तेवढ्यांवरच पुढचे तीन महिने घड पोसायचा असतो. गारांनी ती पाने फाडून चिंध्या केल्या तर घड भरत नाही, फण्यांमधली केळी बारीक राहतात. फळावर गार बसली तर त्या जागी आधी पांढरट चीक येतो, मग काळा डाग. खाण्याला ते केळ चांगले असते, पण निर्यातीच्या खोक्यात जात नाही. बाग लहान असेल, अजून निसवली नसेल, तर फाटकी पाने काढून, बुरशीनाशक फवारून आणि खत देऊन ती सावरते, कारण तिला नवी पाने येणार असतात. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरात लावलेली कांदेबाग त्याच गारांतून उठते आणि शेजारची मृगबाग बसते. नुकसान ठरते ते झाडाच्या वयावर.

थंडी आणि उन्हाचेही केळीला वावडे. पारा दहाच्या खाली काही दिवस राहिला की पान सुटायला वेळ लागतो, घड खोडाच्या तोंडाशी अडकतो, सालीखाली तपकिरी रेषा येतात. एप्रिल-मेत पारा चव्वेचाळीसच्या वर गेला आणि पश्चिमेचा वारा लागला की पाने करपतात, घड सटकतात. त्यामुळे फेब्रुवारी ते मे या काळात एकाच बागेला गारठा, गारा, वारा आणि लू या चारही गोष्टी सोसाव्या लागतात.

बाकी पिकांचे थोडक्यात. गव्हाचा दाणा भरत असताना पारा अवेळी चढला की तो लवकर पिकतो आणि चिमतो. पाऊस-वाऱ्याने गहू आडवा पडतो. उभ्या दादरच्या कणसावर पाऊस पडला की दाणा काळा पडतो आणि भाकरीचा भाव जाऊन जनावरांच्या खाद्याचा भाव येतो. नंदुरबारकडे पथारींवर लाल मिरची उन्हात पसरलेली असते. तासाभराच्या सरीने तिचा रंग उतरतो आणि मिरचीचे सगळे मोल रंगात असते. आंब्याच्या मोहोराला ढगाळ हवेत भुरी आणि तुडतुडे लागतात. आणि सातपुड्यात भोंगऱ्या बाजार भरून होळी पेटते, त्याच सुमाराला मोहाची फुले गळू लागतात. पावरा कुटुंबे पहाटे ती वेचून सुकवतात. त्या सुकवणीत पाऊस आला तर वर्षाच्या मिळकतीतला एक भाग मातीत जातो. या नुकसानीचा पंचनामा कोणी करत नाही.

होळीच्या ज्वाळा कोणत्या दिशेला गेल्या यावरून पावसाचा अंदाज बांधणारी माणसे अजून गावोगाव आहेत. अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला घटमांडणी होते आणि तिच्या भाकिताकडे खानदेशाचेही कान असतात. या गोष्टींनी माणसे एकत्र येतात, वर्षाचा विचार करायला बसतात, आणि त्याची किंमत मी कमी मानत नाही. पण होळीच्या रात्रीचा वारा त्या रात्रीपुरता असतो. मार्चमध्ये तो दोन दिवसांत दिशा बदलतो. पेरणी किंवा कापणीचा निर्णय त्यावर सोडू नये.

उष्णता वाढते आहे, हे आता नोंदींत दिसते. देशाचा मार्च २०२२ हा १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. फेब्रुवारी २०२३ मध्ये देशाच्या कमाल तापमानाची सरासरी त्या महिन्यासाठी १९०१ पासूनची सर्वाधिक होती, आणि लगेच पुढचा मार्च सरासरीपेक्षा जास्त पावसाचा गेला. हवेचे तापमान एका अंशाने वाढले की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. वादळाला लागणारे इंधन त्यामुळे वाढते. मात्र प्रत्येक गारपीट हवामान बदलामुळेच झाली असे म्हणणे शास्त्राला धरून नाही. गारा पूर्वीही पडत होत्या. आज बागेत गुंतलेला पैसा तेव्हापेक्षा कितीतरी अधिक आहे, आणि तोच एका संध्याकाळी उघड्यावर पडतो.

विम्याचा प्रश्न इथेच येतो. पुनर्रचित हवामान आधारित फळपीक विमा योजनेत केळीला कमी तापमान, जास्त तापमान आणि वाऱ्याचा वेग यांसाठी संरक्षण आहे आणि भरपाई महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राच्या नोंदीवरून ठरते. तापमानासाठी ही पद्धत ठीक आहे, कारण थंडी किंवा उष्णता मंडळभर साधारण सारखी पसरते. वाऱ्याचे तसे नाही. गडगडाटी ढगाखालचा सोसाट्याचा झोत दोन-चार किलोमीटर रुंद असतो. केंद्र एका गावात, झोत दुसऱ्या गावात, आणि नोंदीत वारा मंदच. गारेचे तर आणखी वेगळे. स्वयंचलित केंद्र पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा मोजते, गार मोजत नाही. म्हणून गारपिटीचे संरक्षण वेगळा हप्ता भरून घ्यावे लागते आणि नुकसान बागेत जाऊन पाहावे लागते. वाऱ्याच्या बाबतीतही बागेतली पाहणी ग्राह्य धरावी, किमान शेजारच्या केंद्रांच्या नोंदींबरोबर ती तपासावी, ही मागणी मला पूर्णपणे रास्त वाटते. झोताची रुंदी हे निसर्गाचे सत्य आहे, ते योजनेने मान्य केले पाहिजे.

अंदाजाकडूनही नेमके काय मागायचे ते समजून घ्यावे. विक्षोभ कुठवर उतरेल, बाष्प कुठून येईल हे चार-पाच दिवस आधी बऱ्यापैकी कळते आणि जिल्ह्यासाठी पिवळा किंवा नारिंगी इशारा दिला जातो. कोणत्या शिवारात गार पडेल हे त्या वेळी कोणालाच सांगता येत नाही, कारण तो ढग अजून जन्मलेलाच नसतो. ते कळते दोन-तीन तास आधी, हवामान खात्याच्या तात्कालिक अंदाजातून. म्हणून इशारा आला की कापलेला हरभरा झाकायचा, मिरची गोळा करायची, टेकू तपासायचे, फवारणी पुढे ढकलायची, आणि दुपारी तीननंतर दर तासाला मोबाइल पाहायचा. कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, तो वाचायची सवय लावावी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' ॲप आपल्या परिसरातल्या विजांची सूचना देते. गडगडाट ऐकू आला तर बागेतून आणि झाडाखालून बाहेर पडून पक्क्या घरात जावे, बैलजोडीही झाडाला बांधून ठेवू नये.

गारा थांबल्या की पहिले काम फोटोंचे. गार हातात धरून, शेजारी नाणे ठेवून, मग फाटलेली पाने, पडलेली झाडे, घडावरचे मार. वेळ आणि वाऱ्याची दिशा वहीत लिहून ठेवावी. गारपिटीचे संरक्षण घेतलेले असेल तर विमा कंपनीला किंवा कृषी कार्यालयाला त्याच संध्याकाळी कळवावे, तलाठी येण्याची वाट पाहू नये. कळवायची मुदत ७२ तासांची आहे.